यादवीतून उरलेल्या

स्वकीयांनी स्वकीयांशी केलेल्या युद्धाला आपल्या भाषेत 'यादवी' असा एक जुना आणि अर्थगर्भ शब्द आहे. तो आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या मुळाशी असलेली कथा बहुधा स्मरत नाही. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री मद्यपान करून बसलेले यादव शब्दाने शब्द वाढून उठतात, हाती येईल ते गवत उपटतात आणि त्या गवताची मुसळे होऊन एकमेकांचा निःपात करतात. कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. व्यास मात्र थांबत नाहीत. पुरुष संपल्यावर ज्या उरल्या त्यांचे काय झाले, हेही ते सांगतात. रुक्मिणी, जांबवती इत्यादी अग्निप्रवेश करतात. सत्यभामा तपश्चर्येसाठी वनात जाते. आणि बाकीच्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघतो. वाटेत पंचनद प्रदेशात हाती काठ्या घेतलेले आभीर त्या तांड्यावर तुटून पडतात. गांडीव चालेनासे होते. काही स्त्रिया ओढून नेल्या जातात, आणि काही आपण होऊन निघून जातात, असे व्यास कोणताही आडपडदा न ठेवता लिहितात.

यादवीचे दोन भाग असतात, ही गोष्ट या कथेने आपल्याला फार पूर्वी सांगून ठेवली आहे. पहिला भाग मारणाऱ्यांचा व मरणाऱ्यांचा. तो थोडक्यात आटोपतो. दुसरा उरलेल्यांचा, तो वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात बहुतकरून स्त्रियाच असतात. जगातील कित्येक भाषांतील कादंबरीने या दुसऱ्या भागाला हात घातला आहे. मराठ्यांच्या इतिहासात तर यादवीची वाण कधीच नव्हती. मग आमच्या ऐतिहासिक कादंबरीने त्या उरलेल्या स्त्रियांकडे कितपत पाहिले, आणि पाहिले नसेल तर का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आमच्या यादवीला आम्ही आणखी एक घरगुती नाव दिले आहे, ते म्हणजे 'भाऊबंदकी'. शब्दच असा आहे की त्यात भाऊ आहेत, बंधू आहेत. जाऊ, सून, सासू, विधवा यांना त्यात जागा नाही. परंतु इतिहासाची पाने उलटली तर या भाऊबंदकीच्या प्रत्येक वळणावर एखादी स्त्री उभी दिसते.

पहिले उदाहरण ताराबाईंचे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर वर्षाने, म्हणजे १६७५ मध्ये, त्या जन्मल्या. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि औरंगजेब महाराष्ट्रात ठाण मांडून बसला होता. पुढची सात वर्षे त्यांनी राज्य लढते ठेवले. हा भाग आपल्याला पाठ असतो, आणि बहुतेकांचा ताराबाईंशी असलेला परिचय येथेच संपतो. १७०७ मध्ये बादशहा मेला, शाहू महाराज सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पाडाव झाला आणि मराठी राज्यात खरी यादवी सुरू झाली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्यांच्या सवतीनेच, राजसबाईंनी, त्यांना मुलासह कैदेत टाकले. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर त्या साताऱ्यास शाहू महाराजांच्या नजरेखाली राहू लागल्या. वयाच्या पंचाहत्तरीत, शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, त्यांनी पुन्हा उचल खाल्ली आणि १७५० मध्ये आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. १७६१ च्या डिसेंबरमध्ये, पानिपतानंतर अकरा महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षे ही बाई जगली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे कैदेत किंवा पहाऱ्यात गेली.

ताराबाईंचे चरित्र मुद्दाम पुढे ठेवण्याचे कारण असे की, स्त्रीच्या चिवटपणाविषयी लिहिताना लेखणी हळवी होते आणि चिवटपणा म्हणजे सोशिकपणा असे गृहीत धरून चालते. ताराबाई सोशिक नव्हत्या. ज्या यादवीत त्या पोळल्या ती पेटवण्यात त्यांचाही हात होता. नातवाला कोंडणाऱ्या आजीला आदर्श म्हणता येणार नाही. तरीही तीन पिढ्यांचे पुरुष आले आणि गेले, आणि ही स्त्री उरली. उरणे हा सद्गुण असतोच असे नाही. पण ती एक शक्ती असते, आणि ज्या कादंबरीला माणूस समजून घ्यावयाचा आहे तिला या शक्तीकडे पाठ फिरवून चालत नाही.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये थेऊर येथे थोरले माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई सती गेल्या. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. चुलता आणि पुतण्या यांच्या या तंट्यातून जी यादवी उद्भवली ती नऊ वर्षे चालली. तिच्यात इंग्रज शिरले. सुरतेचा तह, अडासची लढाई, पुरंदरचा तह, वडगाव अशी वळणे घेत ती १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने थांबली. शाळेच्या पुस्तकात आपण हे सर्व बारभाई, नाना फडणीस, राघोबादादा आणि इंग्रज यांच्या नावांनी शिकलो. आता हीच हकीकत त्या घरातील स्त्रियांच्या बाजूने पाहावी.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. १७७४ च्या जानेवारीत बारभाईंनी त्यांना पुण्याहून हलवून पुरंदरावर नेले. बरोबर एक वडीलधारी स्त्री होती. ती म्हणजे पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. साऱ्या मराठी राज्याचे लक्ष त्या एका तरुण विधवेच्या उदराकडे लागले होते. मुलगा झाला तर बारभाईंचा पक्ष टिकणार, मुलगी झाली तर राघोबांचा दावा बळावणार. किल्ल्यावर आणखीही काही गरोदर स्त्रिया आणून ठेवल्या आहेत, म्हणजे वेळ पडल्यास मुलगा बदलता येईल, असा बोलवा उठला आणि राघोबांच्या पक्षाने तो हत्यारासारखा वापरला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्याच्या आईचे काम संपले होते. इतिहास त्यानंतर गंगाबाईंकडे फारसे पाहत नाही. १७७७ मध्ये, मूल तीन वर्षांचे असताना, त्या वारल्या, एवढीच नोंद उरते. नवऱ्याच्या खुनाची बातमी ऐकलेली, किल्ल्यावर बाळंत झालेली, आपल्या मुलाच्या खरेपणाविषयी शत्रूची कुजबूज सहन करणारी ही मुलगी त्या तीन वर्षांत काय विचार करीत असेल, हे सांगणारा कागद असणे शक्य नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य कागदांच्या संगतीत जाते, म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन पटावी. दप्तरात हुकूम राहतो, जाबसाल राहतो, खर्चाचा आकडा राहतो. वाट पाहणे दप्तरात दाखल होत नाही. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. त्या अफाट साहित्यात मोहिमा, कर्जे, वाटाघाटी, विवाह, मुंजी, सारे काही सापडते. परंतु माजघरातील रात्र सापडत नाही. जेथे दप्तर मुके होते तेथे कादंबरीचे काम सुरू होते. कादंबरीकाराला इतिहासाने ठेवलेली मोकळी जागा तीच आहे.

ती जागा किती मोठी आहे, हे पार्वतीबाईंच्या चरित्रावरून दिसते. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर त्या स्वतः होत्या. पराभवानंतर त्या परत आल्या. भाऊसाहेब आले नाहीत. पतीचा मृत्यू त्यांनी मानला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. ज्या समाजात विधवेचे स्थान, वस्त्र, अन्न, सारे काही नेमून दिलेले होते, त्या समाजात पेशव्यांच्या घरची एक स्त्री 'मी विधवा नाही' असे म्हणते आणि बावीस वर्षे त्याच निश्चयाने राहते, ही गोष्ट लहान नाही. मधल्या काळात भाऊसाहेबांचा तोतया निघाला. माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन त्याला कैद झाली; परंतु १७७६ मध्ये, यादवी ऐन भरात असताना, तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला पकडून पुण्यात ठार मारण्यात आले. राज्यकर्त्यांना तो बंडखोर होता. पार्वतीबाईंच्या दृष्टीने तो काय होता? खोटा आहे म्हणावे तर आशेचा एक दोर तुटतो. खरा आहे म्हणावे तर ज्या बालकाच्या जन्मासाठी त्या गंगाबाईंबरोबर पुरंदर चढल्या त्याचे आसन डळमळते. असे संकट कोणत्याही सेनापतीपुढे उभे राहिले नसेल. १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्या. तोवर राघोबांचे बंड मोडले होते आणि सवाई माधवरावांचे लग्नही झाले होते.

त्याच घरातील तिसरी स्त्री म्हणजे गोपिकाबाई. पती नानासाहेब आणि तीन मुलगे यांचे मृत्यू त्यांनी पाहिले: एक रणांगणावर, एक क्षयाने, एक गारद्यांच्या तलवारीने. नाशिकजवळ गंगापूरला त्या राहात. नातू सवाई माधवराव याला, कसे वागावे, दिवस कसा घालवावा, कोणावर विश्वास ठेवावा, याविषयी त्यांनी लिहून पाठवलेली शिकवण प्रसिद्ध आहे. १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले. पेशवाईच्या उत्कर्षापासून यादवीच्या अखेरीपर्यंत सर्व पाहिलेली ही स्त्री शेवटी नातवाला दिनचर्या सांगते. उद्ध्वस्त घर पुन्हा उभे करण्याची सुरुवात अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपासून होते.

आणि चौथी, आनंदीबाई. महाराष्ट्रात असा मनुष्य विरळा, ज्याला 'ध'चा 'मा' ठाऊक नाही. नारायणरावाला 'धरावे' या हुकुमातील एक अक्षर बदलून आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही आख्यायिका इतकी रूढ झाली आहे की ती म्हणीसारखी वापरली जाते. तो कागद मात्र कोणाही संशोधकाने पुढे ठेवलेला नाही. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने १९०९ मध्ये या कथेला रंगभूमीवर जे रूप दिले ते प्रभावी होते यात शंका नाही. पण त्या प्रभावाखाली आनंदीबाईंचे पुढचे आयुष्य झाकून गेले. राघोबा पळत असताना त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि तेथे १० जानेवारी १७७५ रोजी दुसरे बाजीराव जन्मले. म्हणजे एकाच यादवीत, नऊ महिन्यांच्या अंतराने, दोन विरुद्ध पक्षांच्या दोन स्त्रिया दोन किल्ल्यांवर बाळंत झाल्या. आणि ती दोन्ही मुले पुढे पेशवे झाली. राघोबा १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी वारले तेव्हा आनंदीबाई पुन्हा गरोदर होत्या. उरलेली दहा वर्षे पुणे दरबाराच्या पहाऱ्यात, आधी कोपरगाव व मग नाशिकजवळ आनंदवल्ली येथे, मुलांना वाढवीत त्यांनी काढली आणि १७९४ मध्ये तेथेच त्या वारल्या. त्या निर्दोष होत्या असे ठरवण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु दोषी मानलेल्या स्त्रीलाही खुनानंतरचे एकवीस वर्षांचे आयुष्य असते, हे आपण विसरलो.

आता आमच्या कादंबरीकडे वळू. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला आणि हरिभाऊ आपट्यांनी त्यावर इमारत उभी केली. हरिभाऊंसंबंधी एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. 'पण लक्षात कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी १८९० पासून 'करमणुकी'त क्रमशः येऊ लागली. तीत यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते: बालपण, संसार, वैधव्य, जुलमाने झालेले केशवपन. युद्ध नाही, खून नाही, तरीही घरातल्या घरात चाललेल्या एका यादवीत होरपळून उरलेल्या स्त्रीचा तो आवाज आहे, आणि मराठी गद्यात तो तितक्या खरेपणाने पूर्वी कधी उमटला नव्हता. उरलेल्या स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी हरिभाऊंना होती, याला याहून मोठा पुरावा नको. पण तेच हरिभाऊ जेव्हा गड चढतात तेव्हा त्यांची नजर बदलते. 'गड आला पण सिंह गेला' मध्ये उदेभानूने धरून आणलेली रजपूत विधवा कमलकुमारी आहे. तिचे शील, तिची कैद आणि तिची सुटका यांभोवती कथा फिरते. सुटकेनंतर ती काय करणार, हा प्रश्न त्या कादंबरीच्या कक्षेत येत नाही. पुण्याच्या वाड्यातील विधवेला जो आवाज मिळाला तो इतिहासातील विधवेला मिळाला नाही.

याचे कारण हरिभाऊंच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा त्यांच्या काळात शोधणे योग्य होईल. पारतंत्र्यातील समाजाला आपल्या पूर्वजांचा पराक्रम हवा होता. त्या इतिहासात स्त्रीला तीन आसने मांडून ठेवलेली होती: सती, वीरांगना आणि कारस्थानी. पहिलीने जळावे, दुसरीने लढावे, तिसरीने घर बुडवावे. चौथी, म्हणजे जी उठते, चूल पेटवते, मूल वाढवते, बातमीची वाट पाहते आणि जगते, तिच्यासाठी पाट मांडलेलाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ऐतिहासिक कादंबरीला पुन्हा बहर आला. १९६२ मध्ये रणजित देसाई यांची 'स्वामी' प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. काका-पुतण्याच्या तंट्याची सारी छाया या कादंबरीवर आहे, आणि रमा-माधवाचे नाते हा तिचा प्राण आहे. तिचा शेवट थेऊरच्या चितेपाशी होतो. रमाबाई सती गेल्या हे ऐतिहासिक सत्य आहे, ते लेखकाने बदलावे असे कोणी म्हणणार नाही. पण कथा कोठे थांबवावयाची हे लेखकाच्या हाती असते, आणि आम्हा वाचकांना ती तेथेच थांबलेली आवडली, यावरून आमच्या मनाचीही परीक्षा होते. चितेच्या ज्वाळेत कथा पूर्ण झाल्यासारखी वाटते. वाड्यात मागे राहिलेली पार्वतीबाई कथेला पूर्ण होऊ देत नाही.

योगायोग असा की त्याच १९६२ मध्ये स्पेनमधील कॅटलान भाषेत एक कादंबरी प्रसिद्ध झाली. मर्से रोदोरेदा ही तिची लेखिका. स्पेनच्या १९३६ ते १९३९ च्या यादवीनंतर ती परदेशात राहात होती. बार्सिलोनातील एका चौकाचे नाव त्या कादंबरीला आहे: 'हिऱ्याचा चौक'. नाताल्या ही तिची नायिका अगदी सामान्य घरातील, नवऱ्याने पाळलेल्या कबुतरांची घाण काढून थकलेली. नवरा आघाडीवर जातो आणि मरतो. शहरात उपासमार सुरू होते. दोन मुलांना आणि स्वतःला संपवावे असे ठरवून ती वाण्याच्या दुकानात तेजाब मागावयास जाते. वाणी तिला परत हाक मारतो आणि घरकामाची नोकरी देतो. ती जगते, मुले वाढतात, पण युद्ध तिच्या आतून जात नाही. एकाच वर्षी लिहिल्या गेलेल्या या दोन कादंबऱ्यांतील एका स्त्रीला आपण चितेवर जाताना पाहतो, दुसरीला मरणाच्या दारातून झाडू-पोछ्याच्या कामावर परतताना पाहतो. दुसरे दृश्य कमी भव्य आहे. पण यादवीनंतर जग चालू राहते ते दुसऱ्या दृश्यामुळे.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. नायजेरियातील बियाफ्राची यादवी १९६७ ते १९७० चालली. तिच्यावर चिमामांडा न्गोझी अदिची या लेखिकेने २००६ मध्ये 'अर्धा पिवळा सूर्य' या अर्थाचे नाव असलेली कादंबरी लिहिली. तीत दोन जुळ्या बहिणी आहेत. युद्धाच्या अखेरीस त्यांतील एक सीमेपलीकडे जिन्नस आणावयास जाते आणि परत येत नाही. तिचे प्रेत सापडत नाही, बातमी येत नाही. दुसरी शोधत राहते. हा शेवट वाचताना मराठी वाचकाला पार्वतीबाईंची आठवण आल्यावाचून राहणार नाही. आपल्या शेजारी, पंजाबीत, अमृता प्रीतम यांनी फाळणीच्या यादवीवर १९५० मध्ये 'पिंजर' लिहिली. तिची नायिका पूरो पळवून नेली गेलेली आहे. शेवटी परत जाण्याची संधी असताना ती दुसऱ्या एका स्त्रीची सुटका करते आणि स्वतः मागे राहते. व्यासांनी एका शब्दात सांगून सोडलेली 'आपण होऊन' राहिलेली स्त्री येथे पुन्हा भेटते, आणि या वेळी तिला मन आहे.

अर्थात केवळ स्त्री उरली म्हणून कादंबरी खरी होते असे नाही. अमेरिकेच्या यादवीवरची मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' (१९३६) जगभर वाचली गेली. तिची स्कार्लेट कोणत्याही संकटात मोडत नाही. पण ज्या गुलामांच्या श्रमावर तिचे घर उभे होते त्यांच्या स्त्रियांचे दुःख त्या कादंबरीला दिसत नाही. उलट गुलामगिरीचा काळच तीत गोड होऊन येतो. हा इशारा आपणही लक्षात ठेवावा. पेशवाईत कुणबिणी विकल्या आणि विकत घेतल्या जात, याचे दाखले कागदोपत्री आहेत. ३० ऑगस्टच्या त्या दुपारी शनिवारवाड्यात नारायणरावांबरोबर जी माणसे कापली गेली त्यांत दासीही होत्या. गंगाबाई आणि आनंदीबाई यांच्याविषयी निदान नोंदी आहेत. पुरंदरावर त्यांचे पाणी तापवणारीची नोंदही नाही.

मराठीत या दिशेने पाऊल पडलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने (१९६७) भारतीय युद्धातील गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देवत्वातून आणि दोषारोपातून मोकळे करून माणसे म्हणून पाहिले. ती कादंबरी नव्हे, परंतु कादंबरीकारांना तिने डोळे दिले. आणि ना. सं. इनामदार यांनी 'शिकस्त' लिहिली तेव्हा पार्वतीबाईच तिच्या नायिका झाल्या. शिकस्त म्हणजे पराभव. त्या नावातच लेखकाने आपला रोख स्पष्ट केला: रणांगणावरचा पराभव एका दिवसाचा, त्याचे ओझे वाहणे आयुष्याचे. इनामदारांनी बाजीरावांवर, यशवंतराव होळकरांवर, त्रिंबकजी डेंगळ्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. त्या रांगेत एका वाट पाहणाऱ्या स्त्रीला त्यांनी पुरुषांइतकीच जागा दिली, याचे मोल मोठे आहे. मात्र 'स्वामी' आमच्या घराघरांत पोचली, तितकी 'शिकस्त' पोचली नाही.

शेवटी या विषयाचा एक धागा आपण राहतो त्या प्रदेशाशी जोडावयाचा आहे. पुण्याची यादवी पुण्यापुरती राहिली नाही. नागपूरकर भोसल्यांतही तीच फूट होती. जानोजी १७७२ मध्ये वारल्यावर साबाजी आणि मुधोजी या भावांत दौलतीसाठी झगडा लागला; साबाजी बारभाईंकडे, मुधोजी राघोबांकडे. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. धारला बाजीराव जन्मल्यास तेव्हा सोळा दिवस झाले होते. चौथा भाऊ बिंबाजी मात्र १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगड सांभाळीत होता. आज बिलासपूरहून रतनपूरला महामायेच्या दर्शनास जाणारे आपल्यातील अनेकजण तेथील रामटेकरीचे मंदिरही पाहून येतात. ते या बिंबाजींच्या काळचे. १७८७ मध्ये बिंबाजी वारले. त्यांच्या पत्नींपैकी उमाबाई सती गेल्या. दुसऱ्या पत्नी आनंदीबाई मागे राहिल्या. प्रांत मुधोजींचे पुत्र व्यंकोजी यांच्या नावे झाला तरी रतनपुरात या बाईंचे वजन टिकून राहिले आणि कारभारात त्यांचा शब्द चालला.

आनंदीबाई हे नाव उच्चारताच आपल्याला एकच आठवते, आणि ती रतनपूरची नसते. पुण्याच्या आनंदीबाईंवर आपण नाटक लिहिले, म्हण केली, मुलांना गोष्ट सांगितली. रतनपूरच्या आनंदीबाईंवर मराठीत कादंबरी झाली नाही. छत्तीसगडच्या इतिहासग्रंथांत दोन-चार ओळींपलीकडे त्यांना जागा नाही. एका घरातील दोन स्त्रियांपैकी एक चितेवर चढली आणि एकीने दुसऱ्या दिवशीपासून प्रांताकडे लक्ष दिले. भावांच्या भांडणात वाटून गेलेली दौलत, माहेरापासून शेकडो कोस दूर परका मुलूख, परकी बोली, वर येऊन बसलेला पुतण्या, आणि या सर्वांत आपला शब्द राखणारी विधवा: कादंबरीला याहून अधिक काय हवे?

पुण्या-मुंबईच्या लेखकाला रतनपूर दूर आहे. त्याला येथील महानदीचा पूर, येथील भाताची शेते, छत्तीसगडी बोलीतील लाघव ठाऊक नाही. ते ठाऊक आहे बदली होऊन येथे आलेल्या आणि येथेच रुजलेल्या मराठी माणसांना. गुढियारीत, बिलासपुरात, दुर्गात घर करून राहिलेल्यांना, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्या स्त्रियांना, ज्यांनी परमुलुखात संसार मांडणे म्हणजे काय हे प्रत्यक्ष अनुभवले आहे. मौसलपर्वातील तांडा इंद्रप्रस्थास पोचल्यावर व्यासांनी त्या स्त्रियांची कथा सोडून दिली. आमच्या कादंबरीने ती पुढे चालवावयाची असेल, तर तिला रतनपूरच्या आनंदीबाईंपासून आरंभ करता येईल. ती लिहिण्याचा अधिकार येथे राहणाऱ्यांचा पहिला आहे, आणि जबाबदारीही.